आकाशांतील धुरा

पऱ्हाटी पात्या-फुलांवर आली कीं आमच्या नाचणगांवच्या शिवारांत फवारणीची घाई सुरू होते आणि तिच्याबरोबर माणसें मिळविण्याची ओढाताणही सुरू होते. ह्या घाईंत अलीकडे एका नव्या आवाजाची भर पडली आहे. चार-सहा पंख्यांचें, पोटाखालीं औषधाची टाकी बांधलेलें एक यंत्र धुऱ्यावरून उठतें, पिकाच्या शेंड्यांवरून सरळ रेषेंत जातें, परत फिरतें आणि पाहतां पाहतां एकर-दीड एकर आटोपून आपल्या जागीं येऊन बसतें. लहान मुलेंच काय, पण वयस्क कास्तकारही हातांतलें काम टाकून तें पहात उभे राहतात. ह्या यंत्रास सर्वत्र ड्रोन म्हणतात. सरकारी नियमांत त्यास मानवरहित विमान म्हटलें आहे. हें दुसरें नांव वाचकांनीं विशेष ध्यानांत ठेवावें. पाठीवरच्या पंपास परवाना लागत नाहीं, विमानास लागतो. आणि कायद्याच्या दृष्टीनें ड्रोन हा पंप नसून विमान आहे, ह्या एका गोष्टींत प्रस्तुत लेखाचा सारा विषय सांठलेला आहे.

गेल्या हंगामांत माझ्या शेजारच्या वावरांत असें एक यंत्र भाड्यानें आणलें गेलें. चालविणारा तरुण हुशार होता व त्याचा हातही सफाईदार होता. मीं सहज विचारलें, "बापू, ह्याचा नोंदणीचा क्रमांक कोणता? आणि तुमचें प्रमाणपत्र कोठें आहे?" त्यानें हंसून उत्तर दिलें, "काकाजी, वावर तुमचें, औषध तुमचें, मग कागद दाखवायचा कोणाला?" हें उत्तर त्या एकट्या तरुणाचें नव्हे. सात-बारा आपल्या नांवाचा आहे, तेव्हां त्यावरचें आकाशही आपलेंच, असा समज पुष्कळ शहाण्यासुरत्या कास्तकारांचाही आहे. हा समज चुकीचा आहे, आणि नाचणगांवासारख्या ठिकाणीं तो इतर गांवांपेक्षां अधिक महाग पडण्यासारखा आहे.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट करतों. प्रस्तुत लेखक ह्या यंत्राचा विरोधक नाहीं. सन २०१७ च्या हंगामांत वर्धा नदीपलीकडील यवतमाळ जिल्ह्यांत काय घडलें, तें आपल्यापैकीं कोणीही विसरलें नसेल. कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर प्राणांस मुकले आणि शेंकडों लोकांस दवाखान्यांत ठेवावें लागलें. पुरुषभर उंचीची दाट पऱ्हाटी, अंगावर धड कपडा नाहीं, तोंडाला फडकें, वाऱ्याच्या तोंडावर चालणारा पंप. अशा स्थितींत औषध पिकाइतकेंच माणसाच्या अंगावर पडतें. जें यंत्र माणसास ह्या विषाच्या धुक्यांतून बाहेर काढून धुऱ्यावर उभें करतें, त्याचें स्वागत न करणें हा करंटेपणा होईल. शिवाय पाठीवरच्या पंपास एकरीं जें पाणी लागतें, त्याच्या अगदीं लहानशा हिश्श्यावर ड्रोनचें काम भागतें; आणि पाणी शेतापर्यंत वाहून नेण्याचे कष्ट काय असतात, तें कास्तकारास सांगावयास नको. सबब, यंत्र यावें, खुशाल यावें. प्रश्न एवढाच कीं, तें कोणत्या शिस्तीनें यावें.

आतां कायद्याचा इतिहास थोडक्यांत पाहूं. सन २०१४ च्या आक्टोबरांत नागरी विमानवाहतूक महासंचालनालयानें जाहीर सूचना काढून खाजगी इसमांस ड्रोन उडविण्याची मनाई केली. पुढें डिसेंबर २०१८ पासून परवानगीची पहिली पद्धत अंमलांत आली, पण ती इतकी किचकट होती कीं सामान्य मनुष्य तिच्या वाटेस जाईना. मार्च २०२१ मध्यें दुसरे नियम झाले. त्यांवरही फार टीका झाली, आणि पांच महिन्यांतच ते रद्द होऊन २५ ऑगस्ट २०२१ रोजीं 'ड्रोन नियम, २०२१' जाहीर झाले. ह्या नियमांनीं पूर्वींचे २५ नमुने ५ वर आणले, फीचे ७२ प्रकार ४ वर आणले आणि ५०० किलो वजनापर्यंतचीं यंत्रें आपल्या कक्षेंत घेतलीं. सरकारनें स्वतःचा नियम पांच महिन्यांत मागें घेऊन सोपा करावा, ही गोष्ट विरळा घडणारी आहे. तिचें श्रेय देणें न्यायाचें आहे.

ह्या नियमांत वजनावरून पांच वर्ग केले आहेत. २५० ग्रॅमपर्यंतचा अतिसूक्ष्म, त्यापुढें २ किलोपर्यंतचा सूक्ष्म, २५ किलोपर्यंतचा लहान, १५० किलोपर्यंतचा मध्यम आणि त्यावरचा मोठा. वजन म्हणजे नुसत्या सांगाड्याचें नव्हे, तर टाकींतील औषध व विजेऱ्या धरून उड्डाणाच्या वेळचें. त्यामुळें लग्नकार्यांत फोटो काढणारें खेळण्याएवढें यंत्र पहिल्या दोन वर्गांत मोडतें. पण आपल्या फवारणीचें, दहा लिटरच्या टाकीचें यंत्र बहुधा तिसऱ्या म्हणजे लहान वर्गांत येतें. नांव 'लहान' म्हणून त्याचे नियमही लहान, असें मात्र कोणीं समजूं नये.

फवारणीच्या यंत्रास चार गोष्टी लागतात. पहिली, यंत्राच्या नमुन्यास मान्यता असल्याचें प्रमाणपत्र. हें बनविणारानें मिळवावयाचें असतें, पण विकत घेणारानें तें पाहून घ्यावें. दुसरी, प्रत्येक यंत्राचा स्वतंत्र नोंदणी-क्रमांक, जसा मोटारीस असतो तसा. तिसरी, चालविणाराचें प्रमाणपत्र. पूर्वीं ह्यास परवाना म्हणत. फेब्रुवारी २०२२ च्या दुरुस्तीनें परवाना हा शब्द जाऊन प्रमाणपत्र हा शब्द आला, आणि महासंचालनालयानें मान्य केलेल्या शिक्षणसंस्थेंत शिक्षण घेऊन परीक्षा उतरलेल्या इसमास तें मिळूं लागलें. ह्यासाठीं वय १८ ते ६५ च्या दरम्यान असावें व दहावीची परीक्षा उतरलेली असावी. प्रमाणपत्राची मुदत १० वर्षांची आहे. चौथी, तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा; मोटारीच्या कायद्यांत जसा तो असतो, त्याच धर्तीवर. अतिसूक्ष्म यंत्रास विम्याची सूट आहे, आणि २ किलोपर्यंतचें यंत्र धंद्याखेरीज उडविल्यास प्रमाणपत्राची सूट आहे. पण फवारणीच्या यंत्रास ह्यांतील एकही सूट लागू होत नाहीं.

येथें एक सुखाची गोष्ट सांगावीशी वाटते. पूर्वीं चालकाच्या प्रमाणपत्रासाठीं पारपत्र मागत असत. ज्याला उभ्या जन्मांत परदेशीं जावयाचें नाहीं, त्या खेड्यांतील तरुणानें पारपत्र कोठून आणावें? सप्टेंबर २०२३ मध्यें ही अट काढून टाकण्यांत आली आणि मतदाराचें ओळखपत्र, शिधापत्रिका अगर वाहनचालकाचा परवाना चालेल असें ठरलें. खेड्यांची अडचण योग्य ठिकाणीं पोंचली म्हणजे नियम बदलतो, ह्याचें हें ताजें उदाहरण आहे. पुढील मागण्या करतांना तें आपण ध्यानांत ठेवूं.

आतां आपल्या गांवाच्या मुख्य प्रश्नाकडे वळूं. नियमांनीं साऱ्या देशाच्या आकाशाचे तीन रंग केले आहेत. हिरव्या भागांत जमिनीपासून १२० मीटर म्हणजे सुमारें ४०० फूट उंचीपर्यंत पूर्वपरवानगीवांचून उडवितां येतें. पिवळ्या भागांत विमानांचें नियमन करणाऱ्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. विमानतळाच्या आसपासचें आकाश ह्यांत येतें. तांबड्या भागांत केंद्र सरकारच्या परवानगीवांचून ड्रोननें जमीन सोडतां कामा नये. ह्याखेरीज निकडीच्या प्रसंगीं राज्य सरकार एखादा भाग ९६ तासांपर्यंत तात्पुरता तांबडा ठरवूं शकतें. फवारणीचें यंत्र पिकाच्या डोक्यावरून जेमतेम पुरुषभर उंचीनें जातें, तेव्हां ४०० फुटांची मर्यादा आपल्या आड येत नाहीं. नागपूरचा विमानतळही आपल्यापासून लांब आहे. मग अडचण कसली? अडचण आपल्या उशाशीं आहे. पुलगांवचें दारूगोळ्याचें मध्यवर्ती लष्करी भांडार हें देशांतील सर्वांत मोठ्या भांडारांपैकीं एक आहे, आणि अशा जागेवरचें आकाश तांबडें असणारच.

ही खबरदारी व्यर्थ आहे असें ज्यास वाटत असेल, त्यानें ३१ मे २०१६ ची रात्र आठवावी. त्या रात्रीं भांडारांत आग लागून भयंकर स्फोट झाले. लष्करी अधिकारी, जवान व आग विझविणारे मिळून पंधराहून अधिक माणसें कामास आलीं. आगरगांवासारख्या जवळच्या गांवांतील लोक बायकामुलांस घेऊन अंधारांत घरें सोडून निघाले. त्या आगीचा ड्रोनशीं कांहीं संबंध नव्हता; पण भांडाराच्या कुंपणालगत काय प्रकारची वस्तु आहे, तें त्या रात्रीं सर्वांस कळून चुकलें. अशा कुंपणावरून एखादें भरकटलेलें यंत्र आंत जाऊन पडलें, तर तें औषध घेऊन आलें आहे कीं आणखी कांहीं, हें पहारेकऱ्यानें कसें ओळखावें? आणि त्यास कॅमेरा असेल, तर प्रश्न केवळ ड्रोन-नियमांचा रहात नाहीं. सन १९२३ च्या सरकारी गुपितांच्या कायद्याप्रमाणें दारूगोळ्याचें भांडार ही निषिद्ध जागा आहे, आणि तिचीं चित्रें घेण्याचा आरोप हा ड्रोन-नियमांतील एक लाख रुपयांच्या कमाल दंडाहून फार निराळ्या जातीचा आहे. 'मीं बोंडअळीचें औषध मारीत होतों' हें उत्तर खरें असलें, तरी तें सिद्ध करण्यांत हंगाम निघून जाईल.

परंतु ह्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. तांबडी रेषा नेमकी कोठून जाते, हें कास्तकारास कसें कळावें? सरकारनें नकाशा महाजालावर ठेवला आहे, आणि उड्डाणापूर्वीं तो पाहणें ही चालविणाराची जबाबदारी आहे. पण तो नकाशा इंग्रजींत, भ्रमणध्वनीच्या टीचभर पडद्यावर पहावयाचा. आपली जमीन आपण गट नंबरानें ओळखतों, धुऱ्यानें ओळखतों, आंब्याच्या झाडानें नाहींतर नाल्यानें ओळखतों. रंगाच्या डागानें ओळखत नाहीं. त्यामुळें दोन प्रकारची चूक होते. एकजण बेफिकीरपणें तांबड्या भागांत उडवितो. दुसरा, ज्याचें वावर हिरव्या भागांत आहे, तो नुसत्या भीतीनें यंत्राचें नांव काढीत नाहीं आणि सालगड्याच्या पाठीवर पुन्हा पंप चढवितो. पहिल्या चुकीबद्दल दंड आहे. दुसरीबद्दल कोणास दंड होत नाहीं, पण तिची किंमत त्या सालगड्याच्या फुप्फुसांतून वसूल होते. भांडाराभोंवतालच्या जमिनीवर बांधकामाचीं बंधनें घालतां यावीं म्हणून सन १९०३ चा कायदा आहे. त्याखालीं बंधन घालावयाचें तर जमिनीची आंखणी व जाहीर सूचना करावी लागते. जमिनीस जो न्याय, तो आकाशास कां नसावा?

ह्या बाबतींत युरोपांत काय चालतें, तें पाहणें उद्बोधक होईल. तेथें सत्तावीस राष्ट्रांच्या संघानें ३१ डिसेंबर २०२० पासून एकच नियमावली लागू केली. तिनें यंत्राच्या वजनाबरोबर कामाच्या धोक्याकडेही पाहिलें आहे आणि उड्डाणाचे तीन प्रकार केले आहेत: खुलें, विशिष्ट व प्रमाणित. खुल्या प्रकारांत यंत्र २५ किलोच्या आंत, उंची १२० मीटरच्या आंत आणि यंत्र सदैव चालविणाराच्या नजरेच्या टप्प्यांत असावें लागतें. ह्या अटी पाळल्यास दरवेळीं परवानगी नको. तेथें नोंदणी यंत्राची न होतां चालविणाऱ्या धन्याची होते, आणि त्याचा क्रमांक त्याच्या सर्व यंत्रांवर लावतात. २५० ग्रॅमहून हलकें पण कॅमेरा असलेलें यंत्रही, तें खेळणें नसल्यास, नोंदणीस पात्र आहे. कारण शेजाऱ्याच्या अंगणांत डोकावण्यास वजन लागत नाहीं. प्राथमिक परीक्षा घरीं बसून संगणकावर देतां येते. तींत ४० प्रश्न असतात आणि दाखला ५ वर्षें चालतो. जड यंत्रांसाठीं वस्तीपासून १५० मीटर दूर रहा, असा मोजतां येण्याजोगा आंकडाही दिला आहे.

हें वाचून कोणी म्हणेल, युरोपांतील शेतकरी किती भाग्यवान! पण दुरून डोंगर साजरे. खुल्या प्रकारांत यंत्रांतून कोणतीही वस्तु खालीं टाकण्याची मनाई आहे, आणि औषध फवारणें म्हणजे टाकणेंच. त्यामुळें फवारणीचें काम दुसऱ्या, कडक प्रकारांत जातें. त्याहून मोठी गोष्ट ही कीं, सन २००९ च्या तेथील एका आदेशानें आकाशांतून औषध फवारण्यास सर्वसाधारणपणें बंदीच घातली आहे. अपवाद ठेवले आहेत ते जेथें दुसरा चांगला मार्ग नाहीं तेवढ्यापुरते. जर्मनींत मोझेल नदीकांठच्या उभ्या चढणीवरील द्राक्षमळे हें त्याचें उदाहरण. फ्रान्सनेंही सन २०२५ मध्यें कायदा करून तीव्र उताराच्या जमिनी व केळीच्या बागा अशा मोजक्या ठिकाणींच ड्रोनची फवारणी मोकळी केली. सारांश, तेथें यंत्र उडविणें सोपें आहे, पण त्यांतून औषध सोडणें अवघड आहे. आपल्याकडे औषध सोडण्यास उत्तेजन आहे, पण यंत्र कायदेशीर रीतीनें उडविण्यास लागणारी माहिती खेड्यापर्यंत येत नाहीं. दोघांनीं एकमेकांपासून थोडें शिकण्यासारखें आहे.

युरोपाची बंदी आपण जशीच्या तशी घ्यावी असें माझें मत नाहीं. तेथें बहुतेक शेतकरी बंद खोलीच्या ट्रॅक्टरांत बसून फवारतो. आपल्याकडे तो विषाच्या धुक्यांतून पायीं चालतो. दोहोंचा धोका एक नाहीं, तेव्हां नियमही एक असूं शकत नाहीं. पण बंदीमागील भीति मात्र खरी आहे. केरळांतील कासरगोड जिल्ह्यांत काजूच्या बागांवर वर्षानुवर्षें हेलिकॉप्टरनें एंडोसल्फान फवारलें गेलें आणि आसपासच्या वस्तींत व्यंगें व दुर्धर रोग यांचें प्रमाण वाढल्याची हाकाटी झाली. शेवटीं सन २०११ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्या औषधावरच बंदी घातली. वरून पडणारें औषध धुरा ओळखत नाहीं. शिवाय ड्रोनमध्यें पाणी थोडें असल्यामुळें द्रावण अधिक तीव्र असतें आणि थेंब बारीक असतो. वाऱ्याची झुळूक आली कीं तो शेजाऱ्याच्या भाजीच्या वाफ्यांत, विहिरींत, नाहींतर बांधावर चरणाऱ्या गुरांवर जाऊन बसतो. म्हणूनच सन १९७१ च्या कीटकनाशक नियमांत आकाशांतील फवारणीविषयीं अटी आहेत: फवारणीची जागा आंखून ठेवावी, निदान २४ तास आधीं लोकांस सूचना द्यावी, आणि कामाशीं संबंध नसलेलीं माणसें व जनावरें तेथें येऊं देऊं नयेत. डिसेंबर २०२१ मध्यें केंद्रीय कृषिखात्यानें ड्रोनच्या फवारणीची कार्यपद्धतीही प्रसिद्ध केली आहे. आमच्या शिवारांत ह्यांतील किती पाळलें जातें, तें प्रत्येकानें आपल्या मनास विचारावें. शेजाऱ्यास आदल्या दिवशीं निरोप धाडण्यास कोणतें प्रमाणपत्र लागतें?

नियमांविरुद्ध दोन आक्षेप नेहमीं ऐकूं येतात. पहिला असा कीं, हे सारे कागद म्हणजे गरिबाला नागविण्याची युक्ति आहे. ह्यांत तथ्य नाहीं असें मी म्हणणार नाहीं. कागद जितका अधिक, तितके मधले दलाल अधिक. पण येथें कागद मुख्यतः यंत्राच्या धन्याकडे व चालकाकडे असावयाचे आहेत. भाड्यानें काम करवून घेणाऱ्या कास्तकारानें फक्त ते मागून पहावयाचे आहेत. बैल विकत घेतांना आपण त्याचे दांत पाहतों, खुर पाहतों, दोन पावलें चालवून पाहतों. ड्रोन बोलावतांना नोंदणी-क्रमांक, चालकाचें प्रमाणपत्र, विम्याचा कागद आणि आपल्या गटाचा नकाशांतील रंग, एवढें पाहण्यास बैल पाहण्याइतकाही वेळ लागत नाहीं. दुसरा आक्षेप असा कीं, अपघात झालाच तर पाहून घेऊं. पण अपघात झाल्यास ४८ तासांच्या आंत महासंचालनालयास कळविण्याचें बंधन चालकावर आहे; ज्याच्याजवळ क्रमांक नाहीं, प्रमाणपत्र नाहीं, तो काय कळविणार? तो यंत्र गाडींत टाकून निघून जाईल आणि होरपळलेली तूर व रागावलेला शेजारी आपल्या पदरीं ठेवील. विमा नसलेल्या यंत्रानें कोणाचा डोळा गेला, तर ज्याच्या वावरांत काम चालू होतें, त्याच्याच दारीं लोक येतील. भाड्यांत वांचलेले शेंदोनशें रुपये त्या वेळीं किती पुरतील?

तेव्हां करावें काय? आमच्या मतें हें काम एकट्यादुकट्याचें नाहीं. तें कास्तकारांच्या संघाचें आहे. त्यासाठीं चार सूचना करतों.

पहिली सूचना रेषेची. संघानें जिल्हाधिकारी व भांडाराचे अधिकारी यांच्याकडे एकत्र अर्ज करून नाचणगांव, पुलगांव व आसपासच्या शिवारांतील तांबड्या भागाची गट नंबरवार यादी मराठींत मागावी आणि ती ग्रामपंचायतीच्या फलकावर कायम लावून घ्यावी. भांडाराच्या आंतील एक अक्षरही आपणांस नको. आपणांस फक्त आपल्या वावराचा रंग हवा आहे. जो नकाशा महाजालावर सर्वांस खुला आहे, त्याची गटवार यादी देण्यांत कोणतेंही गुपित फुटत नाहीं. उलट ज्यास हद्द ठाऊक आहे, तो हद्द ओलांडीत नाहीं. ह्यांत भांडाराच्या सुरक्षिततेचाही लाभच आहे. ज्यांचे गट तांबड्या भागांत येतील, त्यांच्यासाठीं हंगामापुरती, दिवस व वेळ ठरवून, पहारेकऱ्यांस आगाऊ कळवून फवारणी करण्याची एकत्रित परवानगी मागावी. एकेका कास्तकारानें दिल्लीकडे अर्ज करीत बसावें, हें होण्यासारखें नाहीं. संघानें एक अर्ज करावा, हें होण्यासारखें आहे.

दुसरी सूचना माणसांची. बाहेरगांवच्या यंत्रवाल्यावर अवलंबून राहण्यापेक्षां गांवांतील दोन-तीन तरुण व तरुणींस संघानें शिक्षणास धाडावें. नोव्हेंबर २०२३ मध्यें केंद्र सरकारनें महिला बचत गटांसाठीं 'नमो ड्रोन दीदी' ही योजना मंजूर केली. तींत सन २०२३-२४ ते २०२५-२६ ह्या काळासाठीं १२६१ कोटी रुपये ठेवले होते, यंत्राच्या किंमतीच्या ८० टक्के, पण ८ लाखांपर्यंत, मदत होती आणि १५ दिवसांचें शिक्षण होतें: पांच दिवस उड्डाणाचें व दहा दिवस शेतीच्या कामाचें. हें प्रमाण लक्षांत घेण्यासारखें आहे. उडविणें पांच दिवसांत येतें. औषध, वारा, पीक व शेजारी यांचें ज्ञान होण्यास दुप्पट दिवस लागतात. गांवांतील चालकास प्रत्येक धुरा, प्रत्येक विहीर व प्रत्येक माणूस ठाऊक असतो. आणि चूक झाली तर त्यास दुसऱ्या दिवशीं त्याच रस्त्यानें जावयाचें असतें. ह्याहून मोठा जामीन दुसरा नाहीं.

तिसरी सूचना यंत्राची. सन २०२२ मध्यें कृषि यांत्रिकीकरणाच्या उपअभियानांत सहकारी संस्थांच्या भाडे-केंद्रांसाठीं ड्रोनच्या किंमतीच्या ४० टक्के, ४ लाखांपर्यंत, मदत जाहीर झाली होती. चालू वर्षाचा आंकडा व अटी तालुका कृषि अधिकाऱ्याकडून लेखी घ्याव्या आणि मगच यंत्राचा सौदा करावा. एकट्या कास्तकारानें कर्ज काढून यंत्र घेण्याच्या मी विरुद्ध आहे. वर्षांतून थोडे दिवस चालणारें, विजेऱ्या लवकर निकामी होणारें यंत्र एका घरास पेलत नाहीं, संघास पेलेल.

चौथी सूचना सावधगिरीची. कायदा स्थिर नाहीं. सप्टेंबर २०२५ मध्यें केंद्र सरकारनें नागरी ड्रोनविषयीं एका नव्या विधेयकाचा मसुदा लोकांच्या विचारासाठीं प्रसिद्ध केला, आणि त्यांत दंडाबरोबर कैदेचीही तरतूद सुचविली होती. अशा मसुद्यांवर कारखानदार व व्यापारी आपापलीं मतें तत्काळ कळवितात. ज्याच्या डोक्यावरून यंत्र जावयाचें, तो शेतकरी मात्र गप्प बसतो आणि कायदा झाल्यावर कुरकुरतो. पारपत्राची अट गेली ती अडचण पुढें मांडली गेली म्हणून. नियम व अर्ज मराठींत मिळावे, परीक्षेचा पहिला भाग युरोपाप्रमाणें घरीं बसून देतां यावा, तांबडी हद्द गट नंबरानें जाहीर व्हावी, ह्या मागण्या अवाजवी नाहींत. त्या वेळेवर व एका आवाजांत गेल्या पाहिजेत.

धुऱ्यावरून आपल्याकडे किती तंटे झाले, किती भाऊबंदांचें बोलणें तुटलें, तें सर्वांस माहीत आहे. तरीही धुरा मोडावा असें कोणी म्हणत नाहीं. कारण धुरा आहे म्हणूनच दोघांस शांतपणें नांगरतां येतें. आतां आकाशालाही धुरा आला आहे. तो डोळ्यांना दिसत नाहीं, एवढाच त्याचा दोष. आणि तो दाखवून देणें हें सरकारचें काम आहे, तर पाळणें हें आपलें. येत्या हंगामापूर्वीं संघाची जी बैठक भरेल, तींत गटवार यादीचा ठराव प्रथम घ्यावा, एवढीच माझी विनंति आहे. आणि तोंपर्यंत, कोणाच्याही वावरांत तें यंत्र उतरलें, तर चहा देण्यापूर्वीं त्याचा क्रमांक विचारावा. प्रामाणिक चालकास ह्या प्रश्नाचा राग येणार नाहीं. ज्यास येईल, त्याच्याकडून काम न घेतलेलेंच बरें.